बर्लिनमधले पहिले वर्ष



गेल्या रमजान ईदला, शीरखुर्म्याच्या वाट्या अजून उचलल्या नव्हत्या तोच आमच्या मामूंनी मला एका बाजूला घेतले. मामूंचे मिरजेस दुकान आहे. त्यांची थोरली मुलगी सांगलीतून बी.एस्सी. झाली असून पुढील शिक्षणासाठी जर्मनीतील एका विद्यापीठाचे प्रवेशपत्र तिच्या हाती आले आहे. मामू म्हणाले, "भांजे, तू इतिहास शिकवतोस, तर मला एवढंच सांग. आपल्या मुलखातल्या कोणी पोरीला कधी तिकडं पाठवलं होतं का? अन् गेलेलं माणूस तिथं रुजलं, का रडत परत आलं?"

पैशाविषयी त्यांनी अवाक्षर काढले नाही. धाकट्या भावाला दुबईस पाठविण्यासाठी याच मामूंनी पंचवीस वर्षांपूर्वी घरातले दागिने गहाण ठेवले होते, आणि तेव्हा तो तिथे रुजेल की नाही हे कोणी कोणाला विचारले नव्हते. नोकरीसाठी सातासमुद्रापार जाणे आपल्याकडे आता रुळलेले आहे. शिक्षणासाठी, त्यातही मुलीने जायचे म्हटले की पाय अडखळतो. ईदच्या गर्दीत मला नीट उत्तर देता आले नाही. ते येथे देत आहे. मामूंचाच प्रश्न आपल्यापैकी आणखी काही घरांत विचारला जात असेल, अशी माझी समजूत आहे.

वाचकहो, आपल्या मुलखातली मुलगी गेली होती. १९२८ साली गेली होती. आणि तिला पाठवू नये असे म्हणणारा माणूस कोण होता हे ऐकाल तर नवल वाटेल.

इरावती करमरकर यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. वडील तिकडे कापसाच्या कंपनीत नोकरीस होते. तेथील इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्यास, हुजूरपागेच्या वसतिगृहात धाडण्यात आले. पुढे रँग्लर परांजपे यांच्या घरी ती त्यांच्या मुलीबरोबर वाढली. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ साली तत्त्वज्ञान विषय घेऊन ती बी.ए. झाली आणि रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी तिचा विवाह झाला. मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली १९२८ साली एम.ए. पुरे केले. यापुढे मानवशास्त्राचा अभ्यास करावयाचा तर तो जर्मनीत, असे पतीच्या मनात होते. दिनकरराव स्वतः जर्मनीतून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेले होते, त्यामुळे तिथला अभ्यास कसा असतो हे त्यांना ठाऊक होते.

विरोध झाला तो सासऱ्यांचा. सासरे म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे! ज्यांनी विधवांसाठी हिंगण्यास आश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले, पुढे १९५८ साली ज्यांना भारतरत्न मिळाले, त्या माणसाला आपल्या सुनेने परदेशी जाऊन शिकणे पसंत नव्हते. मी हे महर्षींना कमीपणा आणण्यासाठी सांगत नाही. दुसऱ्यांच्या मुलींना शिकवणे आणि आपल्या घरची सून बोटीत बसविणे यांत किती अंतर असते, एवढेच यातून दिसते. दिनकररावांनी वडिलांचे ऐकले नाही. काँग्रेसचे डॉ. जीवराज मेहता, जे पुढे १९६० साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले, त्यांच्याकडून कर्ज घेतले आणि पत्नीला रवाना केले. म्हणजे कर्ज काढून परदेशी शिकणे ही काही आजच्या बँकांनी आणलेली रीत नव्हे.

आता रुजण्याकडे वळू. त्या काळच्या जर्मन विद्यापीठात आपला विद्यार्थी प्रथम गोंधळून जाई तो थंडीने किंवा जेवणाने नव्हे. तो गोंधळे तिथल्या मोकळिकीने. आपल्याकडे वर्ग ठरलेला, पुस्तक ठरलेले, हजेरी रोज आणि परीक्षा दरवर्षी. बर्लिन विद्यापीठात असे काही नव्हते. कोणती व्याख्याने ऐकायची ते विद्यार्थ्याने ठरवावे, त्या त्या व्याख्यानाची फी भरावी, आपल्या नोंदवहीत प्राध्यापकाची सही घ्यावी. गैरहजर राहिल्यास कोणी विचारणार नाही. एका विद्यापीठातून उठून दुसऱ्यात गेले तरी चालेल. वर्षाच्या शेवटी पास-नापास नाही. दोन-तीन वर्षे अशी गेल्यावर शेवटी प्रबंध आणि तोंडी परीक्षा, म्हणजे एकदम कडेलोट किंवा किनारा. शिकविणाऱ्याला काय शिकवावे याचे आणि शिकणाऱ्याला काय शिकावे याचे स्वातंत्र्य, ही जर्मनांची जुनी विद्यापीठीय परंपरा. ऐकायला गोड आहे. परंतु ज्याने आयुष्यभर गाइडे पाठ केली, त्याच्या हाती एकाएकी मोकळा दिवस आला तर तो त्याचे काय करणार? आजही आपल्या मुलांची गाडी तिथे प्रथम अडते ती याच ठिकाणी, कारण आपल्या वर्गांत अजून फारसा फरक पडलेला नाही. मी स्वतः शिक्षक आहे, तेव्हा यातला माझा वाटा मी नाकारीत नाही.

राहण्याची सोय साधारणपणे अशी असे. एखाद्या कुटुंबात सामानासकट एक खोली भाड्याने घ्यायची. घरमालकीण बाई सकाळी कॉफी आणि पाव देई. तिच्याशी बोलता बोलता जी जर्मन येई ती वर्गात येत नसे. ज्यांनी आपल्याच देशबांधवांबरोबर खोली घेतली त्यांची भाषा मागे पडली, ही गोष्ट तेव्हाही होती आणि आताही आहे.

भाषेबद्दल मात्र मराठी मुलांना मी एक आनंदाची बातमी देऊ शकतो. इंग्रजीतून जर्मनकडे जाणारा माणूस ज्या ज्या ठिकाणी ठेचाळतो, तिथे आपण मराठीच्या जोरावर सरळ चालतो. जर्मनमध्ये नामांना तीन लिंगे आहेत. आपल्याकडेही तो, ती, ते आहेच, आणि खुर्ची ती का व टेबल ते का, हे आपण कधी कोणाला विचारले नाही. तिथे चार विभक्त्या आहेत; आपल्या सात-आठ विभक्त्यांपुढे त्यांचे काय ओझे! आणि आकडे तर ऐकाच. जर्मन माणूस एकवीसला 'आइन-उंड-त्स्वान्त्सिग' म्हणतो, म्हणजे 'एक आणि वीस'. आपला 'एक-वीस' अगदी असाच. इंग्रजांचे 'ट्वेंटी-वन' उलटे, आधी वीस आणि मग एक. दुय्यम वाक्यात क्रियापद शेवटी जाते, जसे आपले नेहमीच जाते. इरावतीबाई तर संस्कृत जाणणाऱ्या होत्या. बर्लिनला त्या मानवशास्त्राबरोबर प्राणिशास्त्र, तत्त्वज्ञान आणि संस्कृत हे विषयही शिकल्या. तेथे संस्कृतच्या अध्यासनावर हाइनरिख ल्यूडर्स हे मोठे पंडित होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम ज्यांनी १९२५ पासून हाती घेतले, ते डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर त्यांच्याच हाताखाली बर्लिनला तयार झाले होते. हस्तलिखिते ताडून पाहण्याची ती शिस्त त्यांनी तिथून आणली.

इरावतीबाईंचे मुख्य काम शहराच्या नैऋत्येस डालेम नावाच्या भागात चाले. तिथे १९२७ साली मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांची एक संस्था निघाली होती. ऑयगेन फिशर हे तिचे प्रमुख आणि इरावतीबाईंचे मार्गदर्शक. जर्मन भाषेत प्रबंधाच्या मार्गदर्शकाला 'डॉक्टर-फाटर' म्हणतात, म्हणजे डॉक्टर-पिता. त्या शब्दावरून त्याचा अधिकार ओळखावा. फिशर यांनी या विद्यार्थिनीला विषय दिला तो मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा. त्यांची कल्पना अशी की युरोपीय लोकांच्या कवटीची पुढची उजवी बाजू अधिक वाढलेली असावी, आणि त्यावरून त्यांची बुद्धी इतर वंशांहून श्रेष्ठ ठरावी.

जरा विचार करा. गुलाम देशातून आलेली, कर्ज काढून आलेली, तेवीस वर्षांची एक मुलगी. घरी सासरे नाराज. पदवी देणे न देणे ज्याच्या हाती, तो माणूस तिला म्हणतो आहे की कवट्या मोज आणि माझे म्हणणे सिद्ध कर. त्या म्हणण्याप्रमाणे तिचे स्वतःचे डोकेही कमी प्रतीचे ठरणार होते.

तिने १४९ कवट्या मोजल्या. काही युरोपातल्या होत्या, काही आफ्रिकेतील जर्मन वसाहतींतून आणलेल्या. त्या कशा आणल्या गेल्या असतील याचा विचारही अंगावर काटा आणतो. मोजून झाल्यावर तिने लिहिले ते असे की कवटीत असमानता आढळते हे खरे, पण तिचा वंशाशी संबंध दिसत नाही. म्हणजे गुरुजींच्या कल्पनेला पुरावा नाही. प्रबंध मान्य झाला, पदवी मिळाली, आणि १९३१ साली तो छापूनही निघाला.

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच. मोकळिकीने गोंधळणारी विद्यार्थिनी दोन वर्षांत इतकी स्थिरावली की तिने मोजपट्टीवर विश्वास ठेवला आणि डॉक्टर-पित्याच्या विरुद्ध गेली. रुजणे म्हणजे पाव खाण्याची सवय होणे एवढेच नव्हे, मामू! आणि त्या विद्यापीठाचेही एक मान्य केले पाहिजे की तेव्हा तरी तिथे असे लिहिता येत होते. फार दिवस येणार नव्हते. सप्टेंबर १९३० च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाच्या जागा १२ वरून १०७ झाल्या. १९३३ साली हेच फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्यांच्या संस्थेचे शास्त्र नाझींच्या वंशधोरणाच्या सेवेस लागले. डालेममधील ती इमारत आज बर्लिनच्या मुक्त विद्यापीठाकडे आहे, आणि तिथे काय घडले ते सांगणारा फलक तिच्यावर लावलेला आहे.

इरावतीबाईंनीही पुढे मोजमापे सोडली नाहीत. महाराष्ट्रातील जातीजमातींची शरीरमापे त्या कित्येक वर्षे घेत राहिल्या. ज्या पद्धतीतील पोकळपणा त्यांनी स्वतः दाखविला होता, तिचाच त्यांनी इतका काळ उपयोग का केला, हा प्रश्न अभ्यासकांना पडतो आणि मलाही पडतो.

आता पालकांपैकी कोणी म्हणेल, ही पुण्याच्या सुशिक्षित घराण्यातली गोष्ट झाली. आपल्या समाजातले काय? तर त्याच शहरात, त्याच विद्यापीठात, इरावतीबाईंच्या आधी सहा वर्षे झाकीर हुसेनसाहेब येऊन गेले होते. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेला, इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलमध्ये शिकलेला हा तरुण अलीगढहून १९२० साली जामिया मिल्लियाच्या स्थापनेत सामील झाला आणि १९२२ मध्ये बर्लिनला गेला. त्या वेळी जर्मनीत चलन कोसळत होते. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत. ज्याच्या खिशात पौंड त्याला सगळे स्वस्त, आणि त्यामुळे अनेक हिंदी विद्यार्थी इंग्लंड सोडून बर्लिनला येत. नवे चलन आले आणि ती स्वस्ताई एका रात्रीत संपली.

झाकीरसाहेबांनी वर्नर झोम्बार्ट या अर्थशास्त्रज्ञाच्या हाताखाली हिंदुस्थानच्या शेतीव्यवस्थेवर प्रबंध लिहिला आणि १९२६ मध्ये ते परतले. परंतु त्या चार वर्षांतली मला आवडणारी गोष्ट वेगळी आहे. बर्लिनमध्ये इराणी लोकांचा एक छापखाना होता, कावियानी नावाचा. तिथे त्यांनी गालिबचा दिवाण खिशात मावेल अशा सुबक आकारात १९२५ साली छापून घेतला, आणि त्यासाठी स्वतः खिळे जुळविण्याचे काम केले. भावी राष्ट्रपती छापखान्यात उभा राहून एकेक अक्षर लावीत आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. जर्मनीत त्या काळी हाताने काम करून शिकण्याला नवी प्रतिष्ठा आली होती. महायुद्धानंतरच्या दारिद्र्यात हजारो जर्मन विद्यार्थी कारखान्यांत, खाणींत राबून फी भरीत, आणि विद्यार्थ्यांनीच चालविलेल्या स्वस्त खाणावळी विद्यापीठांतून निघाल्या होत्या. केर्शनश्टाइनर नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने हातकामावर उभारलेल्या शाळेचा पुरस्कार केला होता. हे सारे झाकीरसाहेबांनी पाहिले, वाचले. ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्याच वर्ध्यास गांधीजींनी शिक्षण परिषद भरविली तेव्हा नई तालीमची योजना आखण्याच्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

येथे एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. जर्मन विद्यार्थी जेव्हा राबून शिकत होते, त्याच सुमारास, १९२४ साली, आपल्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. मुले एकत्र राहत, पाणी भरीत, स्वयंपाकाला हात लावीत. गांधीजी १९२७ साली ते पाहून गेले. आपल्यापैकी कितीतरी घरांत आजोबा 'रयत'मध्ये शिकलेले आहेत. ज्याने साताऱ्याच्या बोर्डिंगात आपले ताट आपण घासले, त्याच्या नातीला जर्मन वसतिगृहातील सामाईक स्वयंपाकघराचे भय का वाटावे?

बर्लिनहून आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब हे दोघे मित्रही झाकीरसाहेबांबरोबर परतले आणि तिघांनी मिळून बंद पडू घातलेली जामिया सावरली, हा इतिहास मोठा आहे. त्याला स्वतंत्र लेख हवा. ख्वाजा अब्दुल हमीद हेही त्याच सुमारास बर्लिनला रसायनशास्त्र शिकले आणि १९३५ साली त्यांनी मुंबईत सिप्ला ही औषधांची कंपनी काढली, एवढे मात्र औषधाच्या गोळीवर नाव वाचणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावे.

मामूंच्या मनातील व्यावहारिक शंका थोडक्यात. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत आज शिकवणी-फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीस १,५०० युरो पडतात. मात्र एक वर्षाचा राहण्याचा खर्च बँकेत अडकवून दाखवावा लागतो. २०२४ च्या सप्टेंबरपासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. दरमहा ठरावीक हप्त्याने ती विद्यार्थ्यालाच परत मिळते. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे. हलाल मांसाची काळजी इरावतीबाईंच्या काळी खरी होती. १९६१ साली जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलाविले, तेव्हापासून मोठ्या शहरांतून तुर्की खाटकांची दुकाने आणि मशिदी झालेल्या आहेत. गेल्यावर खोलीचा पत्ता नगर कार्यालयात पंधरा दिवसांत नोंदवावा लागतो. रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारी पीठ-मीठ भरून ठेवावे. वेळापत्रकात तासाच्या वेळेपुढे 'सी. टी.' अशी अक्षरे असली की तास सव्वाला सुरू होतो. आणि तो संपल्यावर टाळ्या नव्हे तर बाक ठोकतात, तेव्हा दचकू नये. २०२३-२४ मध्ये तिथे सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते, परकीयांत सर्वांत अधिक. एकटेपणाची भीती आता कमी. उलट भीती अशी की भारतीयांच्याच घोळक्यात वर्ष सरेल, आणि घरमालकिणीकडून इरावतीबाईंच्या पिढीला फुकट मिळालेली भाषा मिळणार नाही.

राहिला मामूंचा पहिला प्रश्न, 'आपल्या मुलखातलं' कोणी. इरावतीबाई पुण्याच्या हे खरे. पण कोयना धरणाने आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाटण भागातील गावेच्या गावे उठविली, तेव्हा त्या माणसांचे पुढे काय झाले हे गावोगाव जाऊन विचारणाऱ्यांत त्याच होत्या. विस्थापितांच्या पाहणीचे ते पुस्तक १९६९ साली निघाले. पुढल्या वर्षी बाई वारल्या. त्या पुस्तकावर त्यांच्याबरोबर त्यांची कन्या जाई निंबकर यांचे नाव आहे. जाईबाई पुढे लेखिका म्हणून नावारूपास आल्या आणि त्यांचा संसार झाला तो आपल्या फलटणला. कवट्या मोजायला गेलेली मुलगी अखेर धरणग्रस्तांच्या अंगणात बसून त्यांच्या जमिनीचा हिशेब लिहून घेत होती.

हा मजकूर स्मरणिकेकडे देण्यापूर्वी मी मिरजेस जाऊन मामूंना वाचून दाखविला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. महर्षींच्या विरोधाचा भाग त्यांनी पुन्हा वाचायला लावला. दुकानाच्या मागच्या खोलीत मुलीचा जर्मनचा वर्ग मोबाइलवर चालू होता. तो आटोपून ती बाहेर आली, तेव्हा मामूंनी गल्ल्यावरच्या पावतीपुस्तकाकडे बोट दाखवून विचारले, "ह्याला तिकडं काय म्हणतात गं?"

"रेश्नुंग, अब्बा," ती म्हणाली.

मामूंनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. दुसऱ्यांदा जमला.